पाच पूर्णांक एक दशांश

माणसानं अपूर्णांकाच्या नादी लागू नये, असं मला चौथीपासून वाटत आलं आहे. तरीही निवृत्तीनंतर, डोकं बऱ्यापैकी चालत असताना, मी 18,000 रुपये मोजून एक अपूर्णांक घरात आणला. पाच पूर्णांक एक दशांश. दुकानात त्याला 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात आणि न हसता म्हणतात.

पाच स्पीकर आणि सहावा एक भला मोठा डबा, सबवूफर. ढगांचा गडगडाट, तोफा आणि डायनोसॉरची पावलं, म्हणजे साधारण 120 हर्ट्झच्या खालचा माल, एवढंच त्याचं खातं. म्हणून हिशेबात त्याला पुरता आकडा न देता एक दशांश देतात. जागेच्या बाबतीत मात्र तो दशांश नसतो. आमच्या हॉलच्या कोपऱ्यात तो दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा बसला. काम थोडं, गुरगुर फार, आणि 'जरा सरकता का' म्हणायची सोय नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. ज्याचं बजेट बेताचं आणि हॉल बारा बाय दहाचा, त्यानं सहा डब्यांच्या वाटेला जाऊ नये. त्याच पैशात दोन स्पीकर घ्यावेत. दोनच, पण बरे. यावर आमचा भाचा म्हणतो, "मामा, तुम्ही मागासलेले आहात." असेन. पण 18,000 माझे गेलेत, त्याचे नाहीत.

भाच्यानंच मला डोंबिवलीहून दादरला गाडी बदलायला लावून ग्रँट रोडला उतरवलं आणि लॅमिंग्टन रोडवर नेलं. या रस्त्याचं माझ्या कानांवर जुनं ऋण आहे. इथल्या मिनर्व्हात 1975 साली मी वडिलांच्या शेजारी बसून 70 एमएमचा 'शोले' पाहिला होता. चहूबाजूंनी येणारा आवाज म्हणजे काय, ते तेव्हा अंगावर काटा येऊन कळलं. मिनर्व्हा आता उरलेलं नाही. पण तो काटा कुठेतरी उरला असावा, नाहीतर मी त्या दुकानाची पायरी चढलो नसतो. एक गोष्ट तेवढी विसरलो. मिनर्व्हात हजाराच्या वर खुर्च्या होत्या. आमच्याकडे एक सोफा, दोन मोढे आणि आईची आरामखुर्ची.

दुकानात त्यांनी हेलिकॉप्टर लावलं. नेहमी हेलिकॉप्टरच लावतात. ते डाव्या कानामागून आलं, डोक्यावरून गेलं आणि उजवीकडे उतरलं. भाच्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू हेलिकॉप्टर त्याच्याच मालकीचं. मीही मान डोलावली. आता विचारतो, मंडळी, तुमच्या घरात वर्षाकाठी किती हेलिकॉप्टरं येतात? आमच्याकडे माणसं येतात आणि बोलतात. दुकानदार तुम्हाला दोन माणसं हळू आवाजात बोलताना कधीही ऐकवणार नाही. ते ऐकवलं तर सेट खपायचा नाही.

खोक्यावर लिहिलं होतं, '12,000 वॅट पीएमपीओ'. आमचा गीझर 2,000 वॅटचा. म्हणजे सहा गीझर एकदम! मी मनातल्या मनात मीटरच्या पाया पडलो. घरी येऊन पाहतो तर सेटाची पिन सहा अँपियरची, बारकी. सहाला 230 व्होल्टनं गुणा. 1,380 होतात. भिंतीतून ज्याला 1,380 वॅटच्या वर मिळणार नाही, तो 12,000 कुठून आणतो? खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या अक्षरात खरा आकडा होता, '60 वॅट आरएमएस'. पीएमपीओ या प्रकाराला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही, ज्याला जे सुचेल ते त्यानं छापावं. लग्नाच्या बाजारात मुलाचा पगार सांगतात, त्यातलाच प्रकार. आणि खऱ्या वॅटचंही फार कौतुक नको. वॅट दुप्पट केले तर आवाज तीन डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. तो दुप्पट वाटायला हवा असेल तर वॅट दहापट लागतात.

मग मांडणी. मागचे दोन स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, नाकासमोरच्या रेषेपासून 110 ते 120 अंशांत असावेत, असा नियम आहे. आमच्याकडे त्या अंशांत डावीकडे देव्हारा येतो आणि उजवीकडे स्वयंपाकघराचं दार. त्यामुळे सिनेमात सुटलेली गोळी गणपतीच्या कानाजवळून निघून फोडणीत पडायची. सबवूफरबद्दल विचारू नका. 40 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट हवेत सुमारे 28 फुटांची असते. ती आमच्या बारा फुटांच्या हॉलमध्ये कशी मावणार? ती भिंतींवर आपटते, एका ठिकाणी नुसती घुमते, दुसऱ्या ठिकाणी गायब होते. डबा कोपऱ्यात ठेवला तर आणखी जोर चढतो. आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ सज्जन. त्यांनी एवढंच विचारलं, "तुमच्याकडे रात्री कोण कांडतं?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण आई होती.

आई ब्याऐंशी वर्षांची. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. सेट आल्यावर पहिले काही दिवस ती दर दोन मिनिटांनी विचारायची, "काय म्हणाला रे तो?" मी सांगायचो. मग जरा त्रासून सांगायचो. एकदा तर हातानंच 'थांब' अशी खूण केली. त्यानंतर तिनं विचारणं सोडलं. आम्ही हसलो की ती हसायची, एका क्षणानं उशिरा. मला ते कळायला तीन आठवडे लागले, याची लाज वाटते.

कळलं ते केर काढताना. निवृत्तीनंतर केर माझ्याकडे आहे. टीव्हीखालच्या मधल्या स्पीकरची वायर झाडूत अडकून निघाली आणि मला पत्ता नाही. रात्री मराठी सिनेमा लावला. पाऊस पडतोय, सतार वाजतेय, दार करकरतंय, आणि माणसं नुसते ओठ हलवताहेत! 'आलम आरा' 1931 साली आला. आमच्या घरात त्याच्या आधीचा काळ अवतरला. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, संवाद बहुतेक सगळे मधल्या स्पीकरमध्येच असतात."

म्हणजे पाहा. ज्याच्यासाठी सिनेमा बघायचा ते बोलणं सहापैकी एका डब्यात, आणि तो डबा आमच्या सेटात सगळ्यात लहान! सुपारीच्या डब्याएवढा. आत तीन इंचांचा कागदी कोन. थिएटरात हाच मधला स्पीकर पडद्याच्या मागे उभा असतो, धिप्पाड, आणि त्याचा आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं पाडलेली असतात. तिथे तो घरचा कर्ता असतो. स्वस्त सेटात त्याचा पोरका भाचा करतात. (माझा भाचा पोरका नाही, चांगला खाऊनपिऊन आहे.) 18,000 रुपये सहा डबे, ॲम्प्लिफायर, वायरींचं जंजाळ, रिमोट आणि खोक्यावरचं हेलिकॉप्टरचं चित्र यांत वाटल्यावर त्या गरिबाच्या वाट्याला येणार काय?

शिवाय वय झालं की कान आधी बारीक आवाज सोडतात. स्वर जाडे असतात, ते उरतात. स, श, त, क ही मंडळी बारीक, ती निसटतात. आणि शब्द तर त्यांच्यावरच उभा. त्यातून कोपऱ्यातला जावई गुरगुरत असला की उरलंसुरलंही झाकून टाकतो. आईचा आवाज बंद केला होता तो त्या सहा डब्यांनी, आणि ते आणले होते मी.

सेट भाच्याला आहेर म्हणून दिला. 15,000 रुपयांना दोनच स्पीकर आणले, ॲम्प्लिफायर पोटातच असलेले. यावेळी दुकानात हेलिकॉप्टर बंद करायला लावलं आणि बातम्या ऐकल्या. दोन्ही स्पीकर आईच्या कानांच्या उंचीवर, दोघांमध्ये सहा फुटांचं अंतर, तोंडं थोडी तिच्याकडे वळवलेली, आणि तिची खुर्ची बरोबर मध्ये. मध्ये बसलं की बोलणं पडद्यातूनच आल्यासारखं वाटतं. बाजूला बसणाऱ्याला जवळच्या स्पीकरमधून येतं. बाजूला मी बसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'स्टीरिओ' करायला मात्र विसरू नका, नाहीतर मधल्या स्पीकरचे संवाद पुन्हा गडप. ज्याचा हॉल वीस फुटी आणि खिसा लाखाचा, त्यानं खुशाल पाच पूर्णांक एक दशांश करावं. आपल्यासारख्यानं आधी पुढचे दोन घ्यावेत, पैसे साठले तर एक दणकट मधला, आणि मागच्यांचं नातवाच्या नोकरीनंतर बघावं. अर्थात त्यासाठी ॲम्प्लिफायर वेगळा लागतो, हे आधीच ध्यानात ठेवावं. पहिल्याच दिवशी सगळी वरात आणू नये.

पहिल्या रात्री सिनेमा लावला. दहा मिनिटं आई काही बोलली नाही. मी सिनेमा सोडून तिच्याकडेच बघत होतो. मग ती एकदम खुर्चीत पुढे सरकली.

"अरे, ही मुलगी पाण्याला 'पानी' म्हणते! कुणी शिकवलं हिला?"

त्यानंतर सिनेमाभर ती नायिकेच्या चुका काढत होती. एकूण चौदा निघाल्या.