कोंबडा आणि बिग बेन

जबलपूरला डुमना विमानतळाच्या रस्त्यावर पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची केंद्रीय संस्था आहे. २००५ साली सुरू झालेल्या या संस्थेत माहिती तंत्रज्ञानाच्या जोडीने डिझाइनही शिकवतात. मुलाने डिझाइनला जायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे चित्रकलाच ना?" त्यात डिझाइनच्या वर्गात गोष्टी रचायला लावतात हे कळले, तर वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठीच पडायची!

पण गोष्टीवाचून वस्तू सुचत नाही. हात थरथरणाऱ्या आजीसाठी किटली करायची, तर आजी पहाटे उठते कशी, अंधारात काय चाचपडते, कुठे भाजते, हे आधी सांगता आले पाहिजे. तीच तिची गोष्ट.

गोष्टीतून विचार कसा फुटतो, हे पाहायला परदेशी ग्रंथ नकोत. जबलपूरहून दिंडोरीकडे गेले की पाटनगढ लागते. तिथले परधान म्हणजे गोंडांचे कथेकरी. यजमानांच्या दारी बाना हे तंतुवाद्य वाजवून ते राजांच्या आणि देवांच्या कथा गात. पुढे यजमान देईनासे झाले आणि बाना मुका होऊ लागला. अशा वेळी पाटनगढच्या जनगढसिंह श्यामने त्याच कथा रंगांत आणल्या. १९८१च्या सुमारास चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या सहकाऱ्यांना त्याची भिंतीवरची चित्रे दिसली आणि तो भोपाळच्या भारत भवनात पोहोचला.

त्याचा पुतण्या भज्जू श्याम. भोपाळला आधी रात्रीचा पहारा, मग काकांच्या चित्रांत बारीक रेघा भरण्याचे काम. २००२ साली एका भारतीय उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला तो लंडनला गेला. भाषा येत नव्हती. मग शहर समजायचे कसे? त्याने आपल्याच गोष्टी कामाला लावल्या. गोंडांकडे वेळ सांगतो कोंबडा. म्हणून बिग बेनच्या घड्याळाला कोंबड्याचे अंग आले. रोज इमानाने नेणारी बस कुत्रा झाली, जमिनीखालची रेल्वे गांडूळ.

२००४ साली चेन्नईच्या तारा बुक्सने ही चित्रे 'द लंडन जंगल बुक' या पुस्तकात छापली. २०१८ साली भज्जूला पद्मश्री मिळाली. त्या पुस्तकात विमानही आहे. एवढे अवजड धूड आभाळात जाते, यावर त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्याने पंखांचा हत्ती काढला.