विहिरीवर बोट ठेवा

गोदीतली शिफ्ट सुटली की मित्राच्या लॅपटॉपवर मी आजीचं गाव बांधतोय. हिंगोली जिल्ह्यातलं, औंढ्याकडचं. ‘ट्वाइन’ हे फुकटचं साधन, २००९चं. गोष्ट सरळ रेषेत जात नाही. वाचक शब्दावर बोट ठेवतो, तिकडची वाट उघडते. आजीची आठवणही तशीच. विहिरीपाशी सुरू, मधेच कुणाच्या लग्नात, परत विहिरीवर.

म्हणे, या प्रकारात वाचक मोकळा. कसला मोकळा? आजीला विहिरीपर्यंत वाट होती, पाण्याला शिवायची सोय नव्हती. माझ्या गोष्टीत विहिरीवर बोट ठेवलं की वाचक म्हारवाड्यात परत. दहादा ठेवा. चिडू दे त्याला.

असल्या गोष्टींचा आद्य खेळ विल क्राउदरचा, १९७६चा, केंटकीतल्या मॅमथ गुहांच्या जाळ्यावर रचलेला. त्या मॅमथ गुहेचा नकाशा १८४२ साली स्टीफन बिशपनं आठवणीतून काढला. तो गुलाम होता. गुहा त्याला तोंडपाठ, मालकी दुसऱ्याची. आमच्या म्हाताऱ्यांचं निराळं काय?

औंढ्याला सांगतात, नामदेवाला मागं हाकललं तर देऊळच फिरलं. आजीला विचारलं, हे घालू? म्हणाली, “घाल की. पण आपली हीर काय फिरली न्हाई, ते बी घाल.”

ते पान अजून लिहून व्हायचंय.