लेन्स घ्यावी, पण म्हशीसारखी पारखून

कराड भागात ऊसबिल हाती पडले, की फोटोचा नाद असलेली मुलगी किंवा मुलगा लेन्सचा विषय काढतोच. रागावू नका, पण पैसे मोजण्याआधी चार गोष्टी समजून घ्या.

प्रीतिसंगमावरचा बगळा किंवा देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वर अभयारण्यातले चितळ जवळ आणायला टेलिफोटो झूम लेन्स लागते. शिकाऊ हाताला ५५-२५० किंवा ७०-३०० मिलिमीटरची पुरे.

जुनी लेन्स स्वस्त पडते. घेताना टॉर्च लावून काचेत आरपार पाहा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा मोडा. लेन्स आपल्याच कॅमेऱ्याला लावून पाहा. निकॉनच्या डी ३५०० सारख्या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते. लेन्समध्येही नसली, तर फोकस हातानेच फिरवावा लागतो.

स्वस्त लेन्सला उजेड जास्त लागतो, म्हणून उन्हे वर आल्यावर फोटो काढावेत. ३०० वर शटर निदान १/५०० सेकंद ठेवावे. लेन्समधली कंप रोखणारी सोय हाताची थरथर सावरते, उडत्या पक्ष्याला थांबवत नाही. पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवावी.

मोठ्या लेन्ससाठी कर्ज मात्र काढू नये. वर्षभर हीच वापरू द्या. गावातल्या लग्न-बारशांचे फोटो काढून चार पैसे मिळाले, तर पुढची लेन्स त्याच कमाईतून येईल. तेव्हा नाद किती टिकला, हेही कळेल.