शास्त्रविचार : भाषा बदलते, तेव्हां जुन्या लिखाणाचें काय?

आज आपल्या पुष्कळ कुटुंबांतील मुलगे, मुली व सुना संगणकाच्या व्यवसायांत आहेत. "दिवसभर तुम्ही लिहितां तरी काय?" असें घरांतील वडीलधाऱ्यांनीं विचारलें, तर समाधानकारक उत्तर देणें त्यांना जड जातें. संगणकासाठीं लिहिण्याच्या भाषा अनेक आहेत. त्यांपैकीं कांहीं सर्व कामांस चालतात, तर कांहीं एकाच विषयास वाहिलेल्या असतात. वैद्यकाची किंवा संगीताची जशी स्वतंत्र परिभाषा, तशाच ह्या. अशी भाषा जन्मते कशी, बदलते कां, आणि ती बदलल्यावर तींत पूर्वीं लिहिलेल्याचें काय होतें, हें 'मॉडेलिका' नांवाच्या भाषेच्या उदाहरणानें पाहूं.

यंत्रें, विजेचीं मंडलें, नळ, उष्णता ह्यांचें वर्तन समीकरणांत मांडून संगणकाकडून आधींच अजमावून घेणें, हें ह्या भाषेचें काम. तिचें मूळ स्वीडनमधील लुंड येथें आहे. तेथें हिल्डिंग एल्मक्विस्ट ह्यांनीं १९७८ सालच्या आपल्या प्रबंधांत अशी कल्पना मांडली कीं, अभियंत्यानें समीकरण पुस्तकांत असतें तसेंच लिहावें, आणि त्यांतून कोणती राशी कशी काढावयाची तें संगणकानें ठरवावें. पुढें अशा अनेक भाषा निघाल्या. पण एकींत लिहिलेलें दुसरींत चालेना. तेव्हां १९९६ सालीं ह्या विषयांतील जाणती मंडळी एकत्र आली आणि सप्टेंबर १९९७ मध्यें मॉडेलिकेची पहिली आवृत्ति प्रसिद्ध झाली.

आतां ती बदलली कां तें पाहा. तीन नळ एका सांध्याशीं मिळतात असें समजा. सांध्यापाशीं तिहींतील दाब एकच असतो, आणि जितकें पाणी आंत येतें तितकेंच बाहेर जातें. विजेच्या तारांसही हाच न्याय लागू आहे. म्हणून जोडाच्या ठिकाणीं प्रारंभीं मुख्यतः दोन जातींच्या राशी मानल्या होत्या : एक समान राहणारी व दुसरी वाहणारी. परंतु पाणी ऊन असेल तर? तें ज्या बाजूनें येईल त्या बाजूची उष्णता बरोबर घेऊन येतें, आणि दिशा उलटली कीं हिशेबही उलटतो. हें गणित त्या दोन जातींत नीट बसेना. म्हणून २००९ च्या ३.१ ह्या आवृत्तींत प्रवाहाबरोबर वाहून येणाऱ्या राशींची तिसरी जात आली. ही केवळ भर होती. तिनें जुन्या लिखाणास धक्का लागला नाहीं.

दुसऱ्या प्रकारचा बदल मात्र कठोर असतो. २००७ च्या ३.० आवृत्तीनें असा दंडक घातला कीं, स्थूलमानानें प्रत्येक घटकांत जितक्या अज्ञात राशी तितकींच समीकरणें असलीं पाहिजेत. पूर्वीं एखादें समीकरण राहून गेलें, तर सगळें यंत्र जुळविल्यावर तें उघडकीस येई, आणि चूक शेकडों घटकांपैकीं कोणत्या घटकांत आहे हें शोधणें कठीण जाई. आतां प्रत्येक घटक वेगळा तपासतां येऊं लागला. लाभ मोठा खरा. पण काल ग्राह्य असलेलें कांहीं लिखाण आज अग्राह्य ठरलें.

येथेंच सुधारकाची कसोटी लागते. मॉडेलिकेच्या प्रमाणभूत घटकसंग्रहाची नवी आवृत्ति २००८ सालीं निघाली, तेव्हां जुनीं नांवें कोणत्या नव्या नांवांनीं बदलावींत ह्याची यंत्रास कळेल अशी यादी तिच्याबरोबर दिली गेली. २०२० सालच्या चौथ्या आवृत्तीबरोबरही तशीच यादी आली. अशा यादीनें नांवें बदलतात, जागा बदलतात. पण राहून गेलेलें समीकरण कोणतें, हें यादी सांगूं शकत नाहीं. तें त्या यंत्राचा जाणकारच सांगूं शकतो, आणि तोंवर तो निवृत्त झालेला असण्याचा संभव असतो!

आपल्याकडे मोडीचें उदाहरण डोळ्यांपुढें आहेच. मोडी शिकविणें थांबलें, आणि आज घरोघरच्या पेटाऱ्यांतील खतें व हिशेब घरच्यांनाच वाचतां येत नाहींत. देवनागरीची सोय कोणी नाकारीत नाहीं. पण वाचणारे हयात होते तेव्हांच तीं कागदपत्रें उतरवून घेतलीं असतीं, तर आज जाणकार शोधीत फिरावें लागलें नसतें.

तात्पर्य, बदल हा दोष नव्हे. विषय वाढतो तशी त्याची भाषा वाढलीच पाहिजे. मात्र जो नियम बदलतो, त्यानेंच जुन्यापासून नव्यापर्यंतची वाट बांधून द्यावी, आणि ती वाट जाणती माणसें जवळ आहेत तोंवरच बांधावी. जुनें कोणीं वाचावयाचें, हा प्रश्न सुधारणेनंतर नव्हे, सुधारणेच्या आधीं विचारावयाचा असतो.