'आणखी काय चालू आहे?' : अष्ठीलावृद्धीच्या रुग्णास विचारावयाचा पहिला प्रश्न

पन्नाशी उलटलेला पुरुष जेव्हा वारंवार, थेंब-थेंब अथवा जोर करून होणाऱ्या मूत्रप्रवृत्तीची तक्रार घेऊन वैद्याकडे येतो, तेव्हा त्यापूर्वी तो बहुधा मूत्ररोगतज्ज्ञाकडे किंवा फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन आलेला असतो. सोनोग्राफी झालेली असते, गोळ्या चालू असतात आणि त्या गोळ्यांचा विषय आपल्यासमोर काढावा की नाही, याविषयी तो संकोचलेला असतो. 'वैद्यांना आवडणार नाही' या समजुतीने पुष्कळ रुग्ण तो विषय टाळतात. ही समजूत पसरण्यास आपल्यापैकी काहींचे बोलणे कारणीभूत झालेले आहे, हे खेदाने नमूद करावे लागते. चिठ्ठीवर वरुणादी क्वाथ, गोक्षुरादी गुग्गुळ वा चंद्रप्रभा लिहिण्यापूर्वी 'आणखी काय चालू आहे?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, उत्तरासाठी औषधाची पट्टी प्रत्यक्ष पाहिली पाहिजे आणि ते उत्तर केसपेपरवर लिहिले पाहिजे, असे आमचे मत आहे. पुढील विवेचन व्यवसायबंधूंप्रमाणेच औषधविक्रेत्यांसाठीही आहे.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ५८व्या अध्यायात मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी मलमार्ग व बस्ती यांच्या मध्ये उत्पन्न होणाऱ्या, अष्ठीलेप्रमाणे घट्ट अशा ग्रंथीचे वर्णन म्हणजे वाताष्ठीला. प्रोस्टेटच्या वृद्धीशी तिचे साम्य सर्वांना परिचित आहे. परंतु साम्य म्हणजे तादात्म्य नव्हे, कारण तक्रारी सारख्या असल्या तरी त्यांच्यामागे अश्मरी, बस्तीचा दाह, मूत्रमार्गाचा संकोच अथवा अर्बुदही असू शकते. शिवाय चिकित्सा केवळ क्वाथाने व्हावी असा आग्रह खुद्द सुश्रुताचार्यांनीही धरलेला नाही. मालतीच्या फुलाच्या देठाएवढ्या टोकाची, मूत्रमार्ग शुद्ध करण्याची शलाका त्यांनी यंत्रांमध्ये गणली आहे. मूत्र पूर्ण अडलेले असताना आणि नाभीच्या खाली बस्ती फुगून हाताला लागत असताना गोक्षुरासारखे मूत्रल द्रव्य देणे म्हणजे तोंड बांधलेल्या पखालीत आणखी पाणी ओतणे होय. अशा रुग्णास तत्काळ नळी घालण्यासाठी रुग्णालयात पाठवावे. तेथे चर्चेला जागा नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९९२च्या शासन-आदेशाने या राज्यातील आयुर्वेद पदवीधरांना त्यांच्या शिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा मिळाली. राज्याच्या कायद्याने असा अधिकार मान्य केलेला असेल तेथेच तो वापरता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली डॉ. मुख्तियार चंद खटल्यात स्पष्ट केले. परिणामी टॅम्सुलोसिनची चिठ्ठी आपल्यापैकी अनेकजण स्वतःच लिहितात. अधिकाराच्या प्रश्नावर सभांमधून आपण पुष्कळ बोललो आहोत. लिहून दिलेली गोळी रुग्णाने कशी घ्यावी, यावर मात्र फारसे बोललेलो नाही.

या गोळ्या मुख्यत्वे दोन जातींच्या आहेत. टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन ही औषधे बस्तीच्या मुखाशी व ग्रंथीत असलेले स्नायू शिथिल करतात. गुण काही दिवसांतच दिसतो, ग्रंथी मात्र आहे तेवढीच राहते. फिनास्टेराइड व ड्यूटास्टेराइड ही औषधे ग्रंथीला पोसणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती रोखतात. ग्रंथी हळूहळू आक्रसते, पण त्यासाठी सहा महिने वा अधिक काळ लागतो. हा फरक न सांगितल्यामुळे 'महिनाभर घेतली, काही उपयोग नाही' म्हणून रुग्ण दुसऱ्या जातीची गोळी सोडतो आणि आपल्याकडे येतो. ती बंद करण्याचा सल्ला आपण देऊ नये. काही बदल करावयाचाच असेल तर ज्यांनी ती लिहिली त्यांच्याशी बोलून करावा. दूरध्वनीवरील पाच मिनिटांच्या बोलण्याने कोणाच्याही शास्त्राला उणेपणा येत नाही.

पहिल्या जातीच्या औषधाने, विशेषतः सुरुवातीच्या दिवसांत, उठून उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो. टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर घ्यावे आणि रात्री लघवीसाठी उठताना रुग्णाने क्षणभर खाटेच्या काठावर बसावे, हे सांगण्यास किती वेळ लागतो? वृद्धाचे खुब्याचे हाड मोडले म्हणजे किती काळ जातो, हे आपण जाणतोच. टॅम्सुलोसिनच्या कॅप्सूलमधून औषध सावकाश सुटत असते, म्हणून ती फोडून मधातून चाटविणे सर्वथा वर्ज्य. अनुपानाच्या सवयीमुळे आपल्याच रुग्णांकडून हा प्रकार होण्याचा संभव अधिक.

या औषधांची लक्षणे आपण आपल्या परिभाषेत वाचू लागलो म्हणजे घोटाळा होतो. चक्कर आली की भ्रम समजून चिकित्सा सुरू होते. सिलोडोसिन वा टॅम्सुलोसिन घेणाऱ्या काही पुरुषांत मैथुनाच्या वेळी शुक्र बाहेर पडत नाही अथवा अल्प पडते. औषध थांबले की हे पूर्ववत होते आणि त्यापासून अपायही नाही. पण रुग्ण भयभीत होऊन गुप्तपणे वैद्याकडे येतो, गोळीचा उल्लेख करीत नाही, शुक्रक्षयाचे निदान होते आणि वाजीकरणाचा डबा हाती पडतो. वाजीकरणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या काही उत्पादनांत सिल्डेनाफिल मिसळलेले देशोदेशींच्या तपासण्यांत आढळले आहे. अल्फा-ब्लॉकर घेणाऱ्याचा रक्तदाब अशा मिश्रणाने एकाएकी कोसळू शकतो, आणि रुग्ण हृदयविकारासाठी नायट्रेटही घेत असेल तर प्राणावर बेतते. एका न विचारलेल्या प्रश्नाची ही साखळी येथवर पोचते.

दुसऱ्या जातीच्या औषधांबाबत पीएसए तपासणी ध्यानात ठेवावी. सुमारे सहा महिने ते वर्षभर फिनास्टेराइड अथवा ड्यूटास्टेराइड घेतल्यावर पीएसएचा आकडा जवळजवळ निम्मा होतो. म्हणून आलेला आकडा दुप्पट धरून विचार करावा लागतो, आणि औषध चालू असताना तो वाढत असेल तर कर्करोगाच्या शंकेने तज्ज्ञाकडे पाठवावे लागते. 'आपल्या गुग्गुळाने पीएसए उतरला' असे समाधान मानण्यापूर्वी गोळी कोणती चालू आहे हे पाहिलेले बरे. केस गळतीसाठी घेतल्या जाणाऱ्या एक मिलिग्रॅमच्या फिनास्टेराइडनेही हाच परिणाम होतो, आणि ती घेणारे चाळिशी-पन्नाशीतील गृहस्थ पुण्यात थोडे नाहीत. 'केसांचे औषध' ते औषधांत धरीत नाहीत, म्हणून वेगळे विचारावे.

आता आपल्या स्वतःच्या औषधांकडे वळू. आयुर्वेदीय औषध निरुपद्रवी असते हे वाक्य दुकानाच्या पाटीवर शोभते. वैद्याच्या तोंडी शोभत नाही. कनकासवात धत्तूर आहे. धत्तुरातील द्रव्ये श्वासनलिका सैल करतात म्हणूनच तमकश्वासात त्याचा उपयोग होतो. पण तीच द्रव्ये बस्तीच्या स्नायूचे आकुंचनही मंदावतात. ज्याचा मार्ग आधीच अरुंद आहे अशा वृद्धास खोकल्यासाठी कनकासव दिल्यास मूत्र पूर्ण अडण्याची भीती असते. सोमलतायुक्त श्वासहर औषधांतील एफेड्रीन बस्तीचे मुख आवळते, म्हणजे टॅम्सुलोसिन जे सैल करते नेमके तेच. अतिसारात वापरल्या जाणाऱ्या कर्पूर रसात अहिफेन आहे; तेही मूत्र व मल दोन्ही रोधते. आधुनिक सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामीन, स्यूडोएफेड्रीन व फेनिलएफ्रीन यांचे दोषही याच जातीचे आहेत. त्या गोळ्यांना नावे ठेवताना आपल्या कपाटातील बाटली विसरून चालणार नाही.

सर्पगंधेचा विचारही येथेच करावा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या रक्तदाबावरील कार्याचा अहवाल प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. जे द्रव्य इतके कार्यकारी आहे, ते अल्फा-ब्लॉकरबरोबर दिल्यास रक्तदाब अधिक उतरवील, हे ओघानेच आले. गुग्गुळाविषयीही मौन बरे नाही. गुग्गुळसत्त्वामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल या औषधांची रक्तातील मात्रा घटते, असे १९९४ साली भारतीय संशोधकांनी निरोगी व्यक्तींवर दाखविले. अष्ठीलावृद्धीचा रुग्ण बहुधा रक्तदाबाचाही रुग्ण असतो आणि त्याला गोक्षुरादी गुग्गुळ महिनोन्महिने दिला जातो. त्याचा रक्तदाब तपासत राहणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

येथे एक लाडका तोडगा पुढे येतो : 'दोन औषधांत तासाभराचे अंतर ठेवा.' जी द्रव्ये पोटातच एकमेकांना बांधून टाकतात त्यांच्यापुरते हे अंतर उपयोगी आहे. धत्तुराचे कार्य बस्तीच्या स्नायूवर व्हावयाचे आहे. ते एक तासाने टळत नाही. प्रश्न न विचारताच सुटका करून घेण्याची ही वाट आपण सोडावी.

आषाढी वारीच्या दिवसांत हा विषय पुण्यात विशेष तीव्र होतो. ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत व तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते आणि पेठांपेठांतून मोफत औषधोपचाराची केंद्रे उघडतात. वारकऱ्यांत साठी-सत्तरीचे पुरुष मोठ्या संख्येने असतात. पावसात भिजून सर्दी-खोकला झालेला असतो, सोय नसल्याने दिवसभर वेगविधारण घडलेले असते, आणि घरची गोळी कित्येकदा घरीच राहिलेली असते. अशा वेळी रांगेतील माउलींना दोन मिनिटांत खोकल्याची बाटली व सर्दीची पुडी देणारा वैद्य सेवाभावानेच ते करीत असतो. तथापि नेमक्या याच रुग्णात पुढील मुक्कामी मूत्रावरोध होण्याची सर्व कारणे एकत्र आलेली असतात. 'माउली, लघवीची धार कशी आहे? त्याची काही गोळी चालू आहे का?' एवढे विचारले तर वासा, यष्टिमधु, सितोपलादी यांवर काम भागते आणि कनकासव कपाटातच राहते. शिबिराच्या केसपेपरवर हा प्रश्न छापूनच ठेवावा, अशी आमची संघटनेच्या पदाधिकाऱ्यांस सूचना आहे.

मोतिबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णासही हाच प्रश्न विचारावा. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यांत शस्त्रक्रियेच्या वेळी बुबुळाचा रंगीत पडदा ढिला पडून फडफडतो, हे चँग व कॅम्पबेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. आधी चार दिवस गोळी बंद केल्याने हा धोका खात्रीने जात नाही. शल्यवैद्यास ते आधी ठाऊक असले म्हणजे तो तयारीने हात घालतो. म्हणून नेत्रतर्पणासाठी आलेल्या आजोबांनाही लघवीच्या गोळीविषयी विचारण्यात काहीच विचित्र नाही.

औषधविक्रेत्यांच्या हाती तर याहून अधिक आहे, कारण दोन्ही शास्त्रांच्या चिठ्ठ्या त्यांच्याच फळीवर एकत्र येतात. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून कनकासव कोणीही मागावे व कोणीही द्यावे अशी प्रथा पडली आहे. धत्तूर, अहिफेन आदी द्रव्ये औषध नियमांच्या ई-१ या अनुसूचीत आहेत आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना त्या बाटल्यांवर छापणे बंधनकारक आहे. ती सूचना गिऱ्हाइकास वाचून दाखविण्यास कोणता नियम आड येतो? लघवीच्या गोळ्या नेणारे गिऱ्हाईक सर्दीची गोळी मागू लागले तर त्यास डॉक्टरांना विचारावयास सांगावे. यूरिमॅक्स व यूरिमॅक्स-डी यांत शेवटच्या एका अक्षराने ड्यूटास्टेराइडची भर पडते. 'तीच लघवीची गोळी' म्हणून एकीच्या जागी दुसरी देऊ नये.

दुकानात काम करणाऱ्या गर्भवती भगिनींनी फिनास्टेराइडच्या फुटलेल्या गोळ्या वा ड्यूटास्टेराइडच्या गळणाऱ्या कॅप्सूल हाताळू नयेत. पुरुषगर्भाच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष येण्याची शक्यता असते. याच कारणास्तव ड्यूटास्टेराइड थांबविल्यावर सहा महिने व फिनास्टेराइड थांबविल्यावर एक महिना रक्तदान करू नये. गणेशोत्सवात मंडळांच्या रक्तदान शिबिरांना साठीकडे झुकलेले उत्साही कार्यकर्ते आवर्जून जातात. ऑगस्टअखेर पट्टी देतानाच त्यांना हे सांगून ठेवावे.