ब्राउझरचे स्वयंवर

आमच्या पाथरीला भांडणाचे वावडे नाही. सोळाव्या शतकात नगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही या गावावरून एकमेकींच्या उरावर बसल्या. कारण काय, तर निजामशाहाचे पूर्वज म्हणे इथले कुलकर्णी. अगदी अलीकडे, जानेवारी २०२० मध्ये, साईबाबा जन्मले कुठे यावरून वाद पेटला. जन्मस्थळाचा दावा पाथरीचा आणि बंद पाळला शिर्डीने! असल्या तेजस्वी परंपरेच्या गावात घरच्या संगणकावर कोणता ब्राउझर वापरावा, या प्रश्नावर मात्र कुणी साधा आवाजही चढवत नाही, ही आमची तक्रार आहे.

विषय काढला की जो तो हात झटकतो. "मामा, कामून डोकं लावायलाव? समदे सारखेच हायेत. ह्यो दाबा न्हाईतर त्यो दाबा, बातमी तीच दिसती." आता हे बोलणारा गृहस्थ कपाशीचे बियाणे घ्यायचे तर तीन दुकाने हिंडतो, पाकिटावरची तारीख उन्हात धरून वाचतो आणि गेल्या साली बोंड कसे लागले ते विचारायला मानवतला फोन करतो. मुलीला स्थळ बघताना तर त्याची चौकशी मुलाच्या आत्याच्या नणंदेपर्यंत जाऊन पोचते. पण ज्या खिडकीतून तो पैसे पाठवतो, सातबारा बघतो, पोराचा निकाल बघतो, ती खिडकी बसवली कुणी, हे विचारायचे त्याच्या मनातही येत नाही.

ब्राउझरला मराठीत 'न्याहाळक' असा शब्द काढलेला आहे. ऐकला की पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघणारा रिकामटेकडा डोळ्यांपुढे उभा राहतो. पण शब्द खोटा नाही. फरक इतकाच, की आपण न्याहाळतो असे आपल्याला वाटते आणि पुष्कळदा तोच आपल्याला न्याहाळत असतो.

तर 'सगळे सारखेच' या सिद्धान्ताचा समाचार घेऊ. १९९४ साली नेटस्केप नॅव्हिगेटर आला आणि गाजला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर काढला आणि पुढे तो विंडोजबरोबर फुकट वाटला. फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणतो? चार-सहा वर्षांत शंभरातले नव्वदाहून अधिक लोक त्याच खिडकीशी येऊन बसले आणि नेटस्केपची तिरडी बांधली गेली. मग विजयी वीराने काय केले? तो झोपला! सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, सातवी उजाडायला २००६ साल लागले. पाच वर्षांत गावचा सरपंचसुद्धा बदलतो हो!

त्या काळात मराठी वर्तमानपत्रे आपापल्या खाजगी फॉन्टात इंटरनेटवर येत. एक्स्प्लोररमध्ये उघडली तर अग्रलेख, दुसऱ्या कशात उघडली तर भानामतीचा मंत्र. पुढे युनिकोड रुळला आणि मराठी सगळ्या खिडक्यांतून सारखी दिसू लागली. एक्स्प्लोररची झोप मात्र मोडली ती नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आल्यावर. त्याच्यामागून २००८ मध्ये क्रोम आला. 'सगळे सारखेच' म्हणून त्या वेळी सगळेच गप्प बसले असते, तर आपण अजून सहाव्या आवृत्तीच्या उशाशी बसून असतो.

"पण आता तर निवडच निवड आहे," असे कुणी म्हणेल. क्रोम आहे, एज आहे, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आहे. वाचकहो, हा खानावळीतला प्रकार आहे. फळ्यावर पाच भाज्यांची नावे आणि आत पातेले एकच; वरून कुठे बटाटा, कुठे मटार. ऑपेराने २०१३ मध्ये आपली चूल मोडली, एजने २०२० मध्ये. हे पाचही जण आज क्रोमियमच्या रश्शावर जेवतात आणि त्या रश्शाची पळी मुख्यतः गूगलच्या हातात आहे. सफारीची चूल वेगळी, पण ती ॲपलच्या अंगणात. विंडोजवरचे तिचे दुकान २०१२ मध्येच उठले. म्हणजे घरच्या विंडोज संगणकावर वेगळ्या चुलीवर शिजणारा, नाव घेण्यासारखा फायरफॉक्स एकटाच उरतो.

क्रोम वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. चपळ आहे, कामाचा आहे. भांडण त्याच्याशी नाही, त्याच्या एकटेपणाशी आहे. जाहिराती अडवणारी 'यूब्लॉक ओरिजिन' नावाची जोडणी २०२४-२५ च्या सुमारास क्रोममध्ये चालेनाशी झाली. फायरफॉक्समध्ये ती चालते. ज्याचे पोट जाहिरातींवर त्याने जाहिराती अडवणाऱ्याला घरात ठेवावे, ही अपेक्षा म्हणजे मांजराला दुधाची राखण.

यावर हुशार मंडळी डोळा मिचकावून म्हणतात, "फायरफॉक्सवाल्यांचं घर तरी कुणाच्या पैशावर चालतं? गूगलच्याच ना?" खरे आहे. गूगलची शोधपेटी पुढे मांडण्याबद्दल मिळणारा पैसा हेच त्यांचे मोठे उत्पन्न. पण भिंतीवर शाम्पूची जाहिरात रंगवू दिली म्हणून घर शाम्पूवाल्याचे होत नाही. उलट भाडे एकाच गिऱ्हाइकाकडून येते म्हणून त्या घरात आणखी माणसे राहायला हवीत.

यात सामान्य माणसाचे काय जाते, असे विचाराल तर अर्जाची मुदत जाते. सगळे एकाच खिडकीशी बसले की अर्ज तयार करणारेही दुसरी खिडकी तपासून बघत नाहीत. अशाच एका अर्जाच्या पानावर 'अमुक ब्राउझरमध्येच उघडावे' अशी पाटी आम्ही वाचली आहे. उद्या पोस्टाने 'अमुक कंपनीच्या पेनानेच पत्ता लिहावा' म्हटले तर आपण मोर्चा काढू. इथे मात्र निमूटपणे सांगितलेले पेन आणतो. ज्यांनी फक्त एक्स्प्लोररसाठी दारे बांधली होती, त्यांचा एक्स्प्लोररच १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. किल्ली मोडली, कुलूप तसेच.

युरोपात मार्च २०१० पासून मायक्रोसॉफ्टला विंडोजवर ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवावा लागला. मध्यंतरी तो दाखवायचा राहिला, तर २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरो दंड! न विचारल्याबद्दल दंड! आपल्याकडे लग्नात मानाने विचारले नाही म्हणून मावससासरे पंगतीतून उठतात. संगणकाने विचारले नाही तर आपण पुढचे पान उघडतो.

आमचे मागणे फार नाही. घरच्या संगणकावर निदान दोन चुलींचे दोन ब्राउझर ठेवा, आणि दुसऱ्यात एखादे सरकारी पान उघडले नाही, तर आपल्या संगणकाला शिव्या न देता त्या कार्यालयाला पत्र लिहा. निजामशहा आणि इमादशहा भांडले तेव्हा पाथरीकराला कुणी विचारले नव्हते. ते फौजा घेऊन आले होते. हे नवे शहा चौकट पुढे करून अदबीने विचारतात, "यालाच कायमचा ब्राउझर करू का?" आणि आपण चहाचा कप सांभाळत, न वाचता 'हो' दाबतो. एकदा 'नाही' दाबून बघा. फौज येत नाही.