मुद्दल राखणारे यंत्र



गेल्या आठवड्यात पुतण्या पेढीवर येऊन बसला. "काका, घरात तीन गाड्या आहेत. दर वर्षी पॉलिशवर पैसे घालवण्यापेक्षा यंत्रच घेऊन टाकू. कोणते घ्यावे?" प्रश्न व्यवहाराचा होता, तरी उत्तर देण्याआधी मला बाबांची काळी गाडी आठवली.

धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी ती गाडी एका गॅरेजात पॉलिशला दिली होती. कारागिराच्या हाती वेगाने फिरणारे यंत्र होते आणि आमच्या तोंडी घाई होती. संध्याकाळी मांडवाच्या दिव्यांत गाडी आरशासारखी दिसली. दुसऱ्या दिवशी उन्हात मात्र बॉनेटभर वळणावळणाचे फराटे उमटले आणि कडेला बोटभर लांबीचा निस्तेज पट्टा दिसू लागला. तेथला वरचा थर संपला होता. ती गाडी बाबांनी पेढीच्या पहिल्या बऱ्या वर्षात घेतली होती. ते कोणाला काही बोलले नाहीत. पुढे बॉनेट पुन्हा रंगवून घेतले, पण शेजारच्या पत्र्याशी त्याची छटा कधी जुळली नाही.

त्या दिवशी नेमके काय संपले, हे समजले तर यंत्राची निवड निम्मी झाली. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सारे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. चमक त्याचीच, आणि उन्हापासून खालच्या रंगाचे रक्षणही त्याचेच. पॉलिश करून ओरखडा 'जातो' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ओरखड्याच्या आजूबाजूचा थर घासून त्याच्या तळाशी आणलेला असतो. चमक हे व्याज धरले, तर क्लिअर कोट हे मुद्दल आहे, आणि या खात्यात पुन्हा भरणा होत नाही. म्हणून जे यंत्र मुद्दल कमीत कमी खर्च करते, ते घरासाठी चांगले.

काही जण घरातल्या चार इंची ग्राइंडरलाच पॅड बसवतात. ते कधीही करू नये. तो ग्राइंडर मिनिटाला सुमारे ११,००० फेरे घेतो. रंगाचे काम त्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेगात होते. पॉलिशसाठीच बनवलेले रोटरी यंत्र एकाच अक्षावर फिरते. ते खोल ओरखडे लवकर काढते, पण एका जागी क्षणभर जास्त रेंगाळले की उष्णता साठते, आणि कडांवर तर थर पाहता पाहता जातो. ते मुरलेल्या हातांचे हत्यार आहे.

घरासाठी ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र घ्यावे. यात पॅड स्वतःभोवती फिरते आणि त्याच वेळी केंद्रापासून सरकून लहान वर्तुळात झुलते. पॅड मोकळे फिरत असल्याने दाब वाढला की फिरणे मंदावते किंवा थांबते. नवशिक्याला हा दोष वाटतो. खरे तर तो पहारेकरी आहे. काही प्रकारांत गिअरने सक्तीचे फिरणे दिलेले असते. ते काम लवकर उरकते, पण हा पहारा तेथे नसतो.

पुढचा प्रश्न झोक्याचा. यंत्रावर ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असे लिहिलेले असते. २१ मिलिमीटरचे यंत्र छप्पर, बॉनेट अशा सपाट जागा भराभर उरकते, पण वळणावर अडते. ८ मिलिमीटरचे वळणदार भागांत बरे चालते, मात्र मोठ्या गाडीला वेळ लागतो. घरात एक मोठी आणि दोन लहान गाड्या असतील, तर १५ मिलिमीटर आणि पाच इंची प्लेट हा मध्यम मार्ग योग्य.

खरेदीला रविवार पेठेतील बोहरी आळीत जा किंवा नाना पेठेत, यंत्र हातात धरून पाहावे. दोन-अडीच किलोचे वजन दुकानात हलके वाटते, दाराच्या उभ्या पत्र्यावर वीस मिनिटांत जड होते. कार्बन ब्रश आणि बॅकिंग प्लेट सुट्या मिळतात का हे विचारावे आणि पक्के बिल घ्यावे. सारे पैसे यंत्रावर घालू नयेत. पॅड सहा तरी लागतात, कारण मळलेले पॅड स्वतःच ओरखडे पाडते. जुनी गाडी असेल तर जाडी मोजण्याचे मीटरही घ्यावे. ते एकूण जाडी दाखवते, एकट्या क्लिअर कोटची नाही. तरी एखादा भाग पूर्वी रंगवलेला आहे का, हे त्यावरून कळते.

आपल्या घरांसाठी आणखी एक चौकशी आवश्यक. लोकरीची काही पॅड मेंढीच्या कातड्यासकट असतात आणि काही मेणांत मधमाश्यांचे मेण असते. फोम व मायक्रोफायबरच्या पॅडने काम उत्तम होते, आणि ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण वनस्पतिजन्य आहे. डब्यावर काय लिहिले आहे ते वाचूनच घ्यावे.

काम सावलीत, गार पत्र्यावर करावे. गाडी धुऊन कडांना टेप लावावी. आधी दीड-दोन फुटांच्या चौकोनात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश वापरून पाहावे. तेवढ्याने भागले तर त्याहून तीव्र काही लावू नये. प्लेटच्या कडेला पेनने एक रेघ ओढावी. ती फिरताना दिसली म्हणजे दाब बेताचा आहे. नख अडकते असा ओरखडा पॉलिशने काढायला जाऊ नये.

हे सारे ऐकून पुतण्याने विचारले, "पण ही जाळी गाडीवर येते कुठून?" मी त्याला पहाटे सोसायटीच्या आवारात उभे राहायला सांगितले. एक बादली, एक फडके आणि वीस गाड्या. पहिल्या गाडीची धूळ विसाव्या गाडीवर घासली जाते. जेथे बांधकाम चालू आहे तेथे ती धूळ वाळूचीच असते, आणि बोअरच्या जड पाण्याचे डाग वेगळेच. दोष त्या पुसणाऱ्याचा नाही. दोन बादल्या आणि धुतलेली फडकी त्याला आपण कधी दिलीच नाहीत.

पुतण्याने दुसऱ्याच दिवशी दोन बादल्या आणि बारा मायक्रोफायबर फडकी आणून त्याच्या हाती दिली. यंत्र दिवाळीनंतर घ्यायचे ठरले आहे, १५ मिलिमीटरचे.